थकण्याआधी तुटलेल्या कांड्या

"माझा माणूस बेइमान नाही, अण्णा. पण संध्याकाळपर्यंत दुसरं नाव दिलं नाही, तर त्याला कामावरून काढतील."

अण्णा प्रयोगशाळेत पोचताच तिथल्या प्रमुख मॅडम दारातच बोलून मोकळ्या झाल्या. अण्णा खासगी गुप्तहेर. सोबत त्यांचे मेहुणे, जे प्रत्येक प्रकरणात आल्या आल्या गुन्हेगार ओळखत आणि प्रत्येक वेळी चुकत.

अणुवीज केंद्रातले स्टेनलेस स्टीलचे पाईप तापतात, निवतात, पुन्हा तापतात. वर्षानुवर्षं हे सोसून पोलादही थकतं. कधी थकेल हे कळावं म्हणून त्याच पोलादाच्या बोटाएवढ्या कांड्या इथे यंत्रात ओढून, दाबून तोडत. महिनाभर त्यातल्या काही फारच लवकर तुटत होत्या. त्यावरून हिशेब केला तर केंद्रातले धडधाकट पाईप भंगारात जाणार होते. कुणीतरी मुद्दाम करतंय, असं वरिष्ठांचं मत होतं.

अण्णांनी तुटकी कांडी भिंगाखाली धरली. "चांगल्या कांडीवर रेघा उभ्या आहेत. हिच्यावर बारीक गोल रेघा, आणि चीर तिथूनच सुटलीय."

"म्हणजे पॉलिशवाला!" मेहुणे म्हणाले.

"जरा दम धरा, मेव्हणेबुवा."

वरिष्ठांचा संशय होता तो पॉलिशवाल्या काकांवरच. ते रडकुंडीला आले होते. "आडवा हात मी मारत नाही हो. थोरल्या साहेबांनीच शिकवलंय, घासायचं ते लांबीनं. घासून झालं की मॅडम स्वतः तपासतात आणि आपल्या खोलीत डब्यात ठेवतात. तिकडे आम्ही कुणी जात नाही."

मशीनवाला वैतागलेला. "मॅडम डबा आणून माझ्या हातात देतात, आणि समोर उभं राहून कांडी लावून घेतात. मी कधी आणि कशाला घासू?"

थोरले साहेब म्हणजे मॅडमचे वडील. ही प्रयोगशाळा त्यांनीच उभारली. आता ते मॅडमच्या खोलीत, टेबलाशेजारी, कामाचा जुना कोट घालून बसले होते. घरी सांभाळणारी बाई महिन्यापूर्वी काम सोडून गेली, तेव्हापासून मॅडम त्यांना सोबत आणत. मुलीचं नाव त्यांना रोज आठवेच असं नव्हतं.

मेहुण्यांनी त्यांच्यापुढे बिस्कीट धरलं. "थांबा हं," म्हणत मॅडमनी वडिलांची बोटं ओल्या फडक्यानं पुसली. फडकं राखाडी झालं. "कुठे लावून घेतात, कुणास ठाऊक."

अण्णांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. तिचा रंग मधोमध, गोलाकार घासून निघाला होता. त्यांनी दोघा कामगारांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तपासताना कांड्या निर्दोष होत्या. म्हणजे ओरखडे नंतर पडले, आणि काका सुटले. मशीनवाल्याच्या हाती डबा येतो तो मॅडमच्या डोळ्यांदेखत. तोही सुटला. मधल्या वेळात डबा या खोलीत असतो."

"म्हणजे मी?" मॅडम म्हणाल्या.

"या टेबलाशी आणखी कुणी बसतं." अण्णांचा आवाज खाली आला. "पेन्सिलीवर तशाच गोल रेघा आहेत. बोटांना लागते ती पोलादाची भुकटी. कोटाचा खिसा बघाल?"

खिशातून पॉलिशपेपरचा झिजलेला तुकडा निघाला.

"वाईट हेतू नाही त्यांचा. समोर कांड्या दिसल्या, हात कामाला लागले. हातांना घासणं आठवतं. उभं की आडवं, तेवढं निसटलं."

मॅडमचे डोळे भरून आले. काका पुढे झाले. "मॅडम, वर माझंच नाव जाऊ द्या. साहेबांचं नाव इथं खराब व्हायला नको."

"नाही, काका. डबा उघडा ठेवला मी, बाबांना आणलं मी. चूक माझी, आणि मी तसंच कळवणार."

एवढ्यात थोरल्या साहेबांनी अण्णांनी टेबलावर ठेवलेली तुटकी कांडी उचलून उजेडात धरली. कपाळाला आठ्या पडल्या, आवाज एकदम जुना, करडा झाला. "हे आडवं कुणी घासलं?"

"मी घासलं, बाबा," मॅडम म्हणाल्या. "चुकलं माझं. पुन्हा शिकवा ना."

"इकडे ये." त्यांनी लेकीचं बोट हातात घेतलं, कांडीवर टेकवलं आणि सावकाश फिरवलं, गोल गोल. "असं. कळलं?"

"हो, बाबा," मॅडम म्हणाल्या. "आता कळलं."