राउटरवरचा चौथा दिवा

टाचणीबाईंकडे लोक पळालेले भागीदार शोधायला येत, बनावट मृत्युपत्रं घेऊन येत, एकदा तर एक गृहस्थ उडालेला पोपट शोधून द्या म्हणून आले होते. पण राउटरमधला प्रोग्रॅम कुणी पुसला, हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं.

समोर बसलेल्या काकू सत्तरीच्या होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"हसू नका," त्या म्हणाल्या.

कंपाउंडर हसत नव्हता, पण तोंड उघडं होतं, ते त्याने मिटलं. वीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून झाल्यावर दवाखाना बंद पडला आणि तो बाईंकडे आला. त्याचं डोकं सावकाश चालायचं, हे तो स्वतःच कबूल करायचा. बाईंचं तसं नव्हतं. कोटाच्या कॉलरला त्या चार टाचण्या लावून ठेवत आणि त्यांचे प्रश्नही त्याच जातीचे असत.

"पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या.

"आमचा धाकटा चार वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून गेला. भांडण कशावरून, तर राउटरवरून. ह्यांनी नवा कोरा आणला होता. धाकट्याने त्यातला कंपनीचा प्रोग्रॅम काढला आणि ओपन सोर्सवाला घातला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही उघडून बघता येतो, हवं ते करून घेता येतं, असं समजावत होता. ह्यांना वाटलं, पोराने वस्तू बिघडवली. शब्दाने शब्द वाढला. हे म्हणाले, तुला उभं काही करता येत नाही, असलेलं मोडता येतं. तो त्याच संध्याकाळी बॅग भरून परगावी गेला. पत्ता नाही, फोन नाही."

"मग?"

"मग ह्यांनीच ते शिकायला घेतलं. जन्मभर पाण्याचे मीटर तपासत फिरलेला माणूस, वही घेऊन त्या पेटीसमोर बसायला लागला. पोराशी बोलता येत नव्हतं ना, म्हणून पोराच्या प्रोग्रॅमशी बोलायचे." काकूंनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "धाकट्याचा फोन जवळपास आला की राउटरवरचा चौथा दिवा लागेल, असं त्यांनी त्यात बसवलं. आणि गेल्या ऑक्टोबरात दिवा लागला."

"तारीख आठवते?"

"सोळा. लेक आठवडाभर ट्रेनिंगला परगावी गेली होती, ती त्याच दिवशी परत आली. पुढे आठवड्यातून एकदा-दोनदा लागायचा. एरवी संध्याकाळी सहाला, रविवारी सकाळी. दहा मिनिटं, की विझला. मी खिडकीतून बघायचे, पण गेटसमोर झाडाची फांदी आडवी येते. खाली जायला निघाले की हे अडवायचे. म्हणायचे, त्याचा तो वर येईल, मागे लागलीस तर पुन्हा फिरकणार नाही. मार्चमध्ये तीन आठवडे दिवा लागलाच नाही, तेव्हा ह्यांनी जेवण टाकलं होतं."

"आणि आता?"

"दीड महिन्यापूर्वी हे गेले. हृदय कमजोर होतं. मी दिव्यासमोर बसायला लागले, आणि आठवड्याभरात दिवा बंद. इंटरनेटवाल्याला बोलावलं तर म्हणाला, आतलं सगळं पुसलंय." काकूंनी पर्स आणखी जवळ ओढली. "लेक म्हणते, घर बंद करून माझ्याकडे चल. महिनाअखेर ठरलीय. पण तो येत असेल तर मी इथून हलणार नाही, बाई. आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? कुणी पुसलं ते सांगा, आणि तो येतो की नाही ते सांगा. गोड बोलून फसवू नका. मला आता गोड बोलणाऱ्यांचा कंटाळा आलाय."

काकूंचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, लख्ख पुसलेल्या. बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर राउटर होता, समोर काकांची खुर्ची. बाईंनी राउटर उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागच्या बारीक भोकात डोकावल्या. टाचणी घालून राउटर कोरा करायचं ते भोक. त्यात धूळ घट्ट बसली होती.

"कंपाउंडर, कॅलेंडर बघ."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवा लागलेल्या दिवसांना पेन्सिलीने टिंबं केलेली होती. खणात काकांची वही सापडली. पहिल्या पानांवर प्रोग्रॅमची कामं पायरीपायरीने लिहिलेली, शेवटी 'कंपनीचा प्रोग्रॅम परत घालायचा असल्यास' अशी अकरा पायऱ्यांची यादी, पासवर्डसकट. मधल्या पानांवर तारखा आणि वेळांचे दोन रकाने होते, वर नुसतं एक आणि दोन. दुसऱ्या रकान्यात जवळजवळ रोज नोंद. पहिल्यात अधूनमधून, पण जिथे होती तिथे दोन्ही आकडे सारखे. सहा चार, सहा चार. सहा नऊ, सहा नऊ. मार्चमध्ये दोन्ही रकाने तीन आठवडे रिकामे. एप्रिलच्या दोन तारखेला दोन्हीकडे एकेक नोंद, आणि मग वही कोरी.

"औषधाच्या वेळा दिसतायत," कंपाउंडर जाणकाराच्या आवाजात म्हणाला. "एक गोळी रोजची, एक लागेल तशी. बीपीवाल्यांना आम्ही असंच लिहून द्यायचो."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेची त्याला सवय होती.

"ह्या कपाटात काय होतं?" बाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

"धाकट्याचे कपडे," काकू म्हणाल्या. "एप्रिलमध्ये ह्यांनी वाटून टाकायला लावले. मी किती भांडले. तर म्हणाले, आता अंगाने भरला असेल, जुने होणार नाहीत. ह्यांना कधी काय सुचेल त्याचा नेम नसायचा."

इंटरनेटवाला दुपारी आला. खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि चेहऱ्यावर आपल्यावर आळ येणार अशी खात्री.

"मी हात लावलेला नाही," तो आधीच म्हणाला. "मी आलो तेव्हा कंपनीचाच प्रोग्रॅम होता."

"भोकात टाचणी घातली तर तो परत येतो?"

"छे. टाचणीने ह्यांचा प्रोग्रॅम कोरा झाला असता, पण राहिला तोच असता. कंपनीचा परत आणायचा तर फाइल शोधून, पासवर्ड टाकून घालावा लागतो. आणि गंमत बघा, ज्याने केलं त्याने वायफायचं जुनं नाव आणि जुना पासवर्ड हाताने परत टाकलाय. काकूंचा फोन एक मिनिट अडला नाही."

"दिवा लागायचा तो धाकटा आला म्हणूनच ना?" कंपाउंडरने विचारलं.

"त्याचा फोन आला म्हणून. जुन्या फोनला कारखान्यातच मिळालेला जन्मनंबर बदलत नाही, तेवढाच राउटरला कळतो. खिसा कुणाचा, ते त्याला काय माहीत? आणि सिग्नल म्हणाल तर गेटपर्यंत. पुढे मेला."

तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर काकांवर खार खाऊन होते. ते फुकटात काकांचं वायफाय वापरत आणि नव्या प्रोग्रॅमवर प्रयोग करता करता काकांनी त्यांचा लॅपटॉप बंद पाडला होता.

"राग आहे, नाही कशाला म्हणू?" मास्तर म्हणाले. "पण पुसून मला काय मिळणार? पासवर्ड तोच, मी अजून वापरतोच आहे." मग चूक लक्षात आल्यासारखे ते खाकरले. "काकूंना सांगू नका."

"तुमच्या गॅलरीतून गेट दिसतं?"

"गेटही दिसतं आणि बाकही. संध्याकाळी मी तिथेच पेपर वाचतो. तरुण मुलगा म्हणाल तर कधी पाहिला नाही. काकूंची लेक तेवढी बसते वर जायच्या आधी. पाय दुखतो बिचारीचा."

कंपाउंडर जिन्यात म्हणाला, "मास्तरच. चोराच्या मनात चांदणं."

"मास्तर फुकटा आहे, चोर नाही," बाई म्हणाल्या.

लेक सहाला आली. इस्पितळात नर्स होती. दिवसाची पाळी संपवून रोज इथे यायची, सुट्टीच्या रविवारी सकाळी. चालताना डावा पाय जरा जपून टाकत होती.

"मार्चमध्ये स्टुलावरून पडले," कंपाउंडरच्या नजरेला तिने उत्तर दिलं. "तीन आठवडे प्लास्टर." मग बाईंकडे वळून म्हणाली, "हे सगळं थांबवा ना. आईचं वय बघा. तिला माझ्याकडे येऊ दे."

बाईंनी आपला जुनाट फोन काढला. "बंद पडला बघा. चार्जर आहे का? जुन्या पिनचा लागतो."

लेकीने सवयीने पर्समधून चार्जर काढून दिला. तिचा स्वतःचा फोन टेबलावर होता, नवाकोरा, दुसऱ्याच पिनचा. कंपाउंडरला एवढंच वाटलं की मुलगी मदतीला तत्पर आहे.

बाईंनी चार्जर हातात धरला, पण फोनला लावला नाही. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू सांगतेस, की मी सांगू?"

काकू दोघींकडे आळीपाळीने बघायला लागल्या.

"काय सांगायचंय?" काकूंनी विचारलं. लेकीने मान फिरवली. "बाई, तुम्ही सांगा. मी विचारलंय."

बाई काकूंसमोर स्टूल ओढून बसल्या.

"पुसणारा घाईचा नव्हता, काकू. भोकातली धूळ हललेली नाही. खणातल्या वहीच्या अकरा पायऱ्या वाचून त्याने काम केलं, म्हणजे घरात बिनघोर वावरणारा माणूस. वैरी असता तर पुसून निघून गेला असता. ह्याने तुमचा फोन अडू नये म्हणून जुनं नाव आणि पासवर्ड परत घातला. त्याला फक्त दिवा घालवायचा होता."

"पण का?"

"मास्तरांनी गेटपाशी तुमचा मुलगा एकदाही पाहिला नाही. पाहिली ती तुमची लेक. दिवा सहाला लागायचा, रविवारी सकाळी. ती त्याच वेळेला येते. मार्चमध्ये तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा तीन आठवडे दिवा नाही. तिचा फोन नवा आहे आणि पर्समध्ये चार्जर जुन्या फोनचा. राउटरला खिसा कळत नाही, काकू. फोन त्याचा होता, तो तिच्याकडे होता."

"म्हणजे त्याने फोन हिला दिला?" काकूंच्या आवाजात अजून आशा होती. ती ऐकून कंपाउंडरला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

"जिवंत असता तर तिने तुमच्यापासून लपवलं नसतं," बाई म्हणाल्या.

मग लेक खाली, आईच्या पायाशी बसली.

"ट्रेनिंग नव्हतं, आई. त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला होता. ताप डोक्यात गेला होता त्याच्या. मी पोचले तेव्हा शुद्ध नव्हती. तीन दिवस होता. सगळं मीच केलं. डॉक्टरांनी आदल्याच महिन्यात सांगितलं होतं, बाबांना धक्का सोसणार नाही. म्हटलं, थोडं थांबू, मग सांगू." तिने नाक पुसलं. "परत आले तेव्हा वर यायचा धीर होईना. बाकावर बसून त्याचा फोन चालू केला, त्याचे फोटो बघत बसले. दहा मिनिटांनी वर आले तर बाबा खुर्चीतून उठून उभे. म्हणाले, आला होता, खाली होता. चार वर्षांत असे हसले नव्हते. मी काय करणार होते? पुढच्या आठवड्यात ते परत गप्प झाले, म्हणून परत खाली बसून त्याचा फोन चालू केला. मग थांबवताच येईना. बाबा गेल्यावर तू दिव्यासमोर बसायला लागलीस, आणि मला तुझ्यासाठी तेच परत करवेना, आई. दिवा गेला तर तू वाट बघायची थांबशील असं वाटलं."

कंपाउंडरने पुष्कळ मरणं पाहिली होती, पण हे त्याला ऐकवत नव्हतं. एकटीने भावाला पोचवायचं आणि मग इथे येऊन त्याला जिवंत ठेवायचं, हे ह्या मुलीने सुट्टीशिवाय केलं होतं.

"बाबांना तरी सुख मिळालं," लेक पुटपुटली. "त्यांना कळलं नाही."

बाईंनी वही उघडली, मग क्षणभर थांबल्या. ही गोष्ट सांगावी की नाही, ते त्या ठरवत होत्या, हे कंपाउंडरला पहिल्यांदाच दिसलं.

"त्यांना कळलं होतं," त्या म्हणाल्या. "राउटर कुठला फोन कधी आला ते लिहून ठेवतो. मीटर वाचणारा माणूस, त्याने ते उतरवून घेतलं. पहिला रकाना धाकट्याचा फोन, दुसरा तुझा. दोन्ही एकाच मिनिटाला येतात. तू तीन आठवडे आली नाहीस, तर दोन्ही नाहीत. पाय बरा झाल्यावर तू आलीस, दोन्ही परत. त्या तारखेनंतर त्यांनी लिहिणं बंद केलं. आणि त्याच महिन्यात मुलाचे कपडे वाटून टाकायला सांगितले."

"पण ते तर पुढेही म्हणायचे," लेक म्हणाली. "मी दारात आले की म्हणायचे, आला होता गं. अगदी शेवटच्या आठवड्यातही."

"तुला म्हणायचे," बाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी."

लेकीने तोंडावर हात दाबून धरला. काकू मात्र ताठ बसून होत्या.

"म्हणजे तुला ठाऊक होतं, ह्यांना ठाऊक होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "ह्या घरात वाट बघत होते ती मी एकटीच."

मग त्या लेकीकडे वळल्या.

"कुठल्या तारखेला गेला?"

"अकरा ऑक्टोबर. दुपारी तीनला."

"अकराला मी काय करत होते?"

"मी संध्याकाळी फोन केला होता तुला," लेक म्हणाली. "तू म्हणालीस, आज सगळे पडदे धुतले, हात भरून आलेत."

"हो," काकू म्हणाल्या. "पडदे धुतले होते. ऊन छान होतं म्हणून." आणि त्यांचा बांध फुटला. त्या लेकीच्या खांद्यावर वाकून रडत राहिल्या.

बाईंनी कंपाउंडरला खूण केली. दोघं दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून काकूंचा आवाज आला. तो बाईंसाठी नव्हता.

"मी येईन तुझ्याकडे. पण महिनाअखेरपर्यंत तू इथे राहा. त्याला शेवटी कसं होतं, काय झालं, सगळं मला सांग. तू एकटीने पाहिलंस, आता दोघींनी पाहू."