कर्णा बंद केला त्या रविवारी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या हातचा अर्ज आजही आमच्या सोसायटीच्या फायलीत आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावा.

१९९४ चा जानेवारी. रविवार. संध्याकाळचे पाच वाजलेले.

माजिवड्याहून रिक्षाने दहा मिनिटांवर, खाडीच्या काठाला आमची बिल्डिंग. मी प्रभाकर, सोसायटीचा सेक्रेटरी. तेव्हा खाडीत पार्टीच्या बोटी सुटायच्या. वाढदिवस, साखरपुडे, कंपनीच्या पिकनिका. टपावर दोन कर्णे, आणि ते असे कोकलायचे की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पोरांची दहावी तोंडावर आलेली. मी सगळ्या बिल्डिंगच्या सह्या घेतल्या आणि बोटवाल्या देवरामला अर्ज द्यायला स्वतः बंदरावर गेलो.

मी हट्टी माणूस. एकदा हातात घेतलं की तडीस न्यायचं.

पार्टी नुकतीच उतरलेली.

"साहेब, बोट नांगरावर लावायचीय. चला बरोबर, बोलू जाता जाता," देवराम म्हणाला.

मी चढलो. सुकाणूवर दामाजी होता, कोळीवाड्यातला म्हातारा. बोटीत आम्ही तिघेच.

तरीही कर्णे चालूच!

"अरे, आता कोणासाठी वाजवतोस?" मी ओरडलो.

देवरामने दामाजीकडे बघितलं. दामाजी पाण्याकडे बघत राहिला.

खाडीच्या मध्यावर बोट खर्रकन थांबली. ओहोटी होती. गाळात रुतली.

"आता भरती येईस्तोवर हलत नाय," देवराम म्हणाला.

म्हणजे दोन तास तरी. दोन्ही काठ लांब, मध्ये कमरेपर्यंत गाळ. उतरायची सोयच नाही.

आणि डोक्यावर ते कर्णे. माझं डोकं सटकलं. मी बॅटरीची वायर उपटली.

"साहेब, नका!" दामाजी किंचाळला.

सगळं शांत झालं.

बरं वाटलं, खरं सांगतो. क्षणभरच.

मग पलीकडच्या तिवरांच्या झाडीतून... हाक आली.

"होऽऽऽ... नाव आना रंऽऽ..."

दमलेल्या माणसाचा आवाज. कोणीतरी अडकलाय, एवढंच मला कळलं. मी तोंडाशी हात धरून ओरडलो, "ओऽऽ! आलो, आलो!"

दामाजीने सुकाणू सोडलं.

"ओ दिलीत तुमी? कशाला दिलीत?"

"अहो, माणूस अडकलाय तिथे!"

"मानूस नाय तो. माजा भाव हाय. भिवाजी."

गेल्या शिमग्याला भिवाजी चिंबोऱ्या धरायला गेलेला. तिथेच रुतला. भरती चढत होती आणि तो हाका मारत होता. हीच बोट त्याच्यासमोरून दोनदा गेली, कर्णे लावून. वर लोक नाचत होते. सुकाणूवर दामाजीच होता. त्याला भावाचा हललेला हात दिसला. वाटलं, मजेत हात करतोय.

त्यानेही हात केला.

"तवापासून गप झालं का हाक येते," दामाजी रडत होता. "म्हनून कर्णा लावतो. आमच्यात जो ओ देल, त्यानीच आनायला जायाचं. मी कवाच दिली नाय."



तेवढ्यात गाळातून... पचक.

पचक.

त्या गाळात कोणी चालूच शकत नाही. दिसत तर कोणीच नव्हतं. पण तिवरांजवळचे बगळे उडाले. थोड्या वेळाने मधले.

मग बोटीजवळचे...

अंधार पडला. भरती आली. पाणी बोटीच्या काठापर्यंत चढलं, तरी बोट उचललीच गेली नाही. देवराम इंजिन मारून मारून थकला. पाणी आत यायला लागलं. मला पोहता येत नाही. मंजुळेची, माझ्या बायकोची आठवण आली आणि मी चक्क रडलो.

तेव्हा माझ्या हाताजवळ, बोटीच्या बाहेरून, अगदी हळू...

"आलो म्हनलास ना?"

दामाजीने वायर जोडली. कर्णे कोकलले.

आणि बोट धक्क्यासरशी वर आली.

अर्ज मी तसाच परत आणला. पुढच्या वर्षी बोटी आपोआप बंद झाल्या. बिल्डिंगने पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच ठेवून दिला.

कारण आता खाडी शांत होती.

पहिल्यांदा हाक खाडीवरून आली. मग कंपाउंडमधून. मग जिन्यातून. कल्याणला बहिणीकडे आठ दिवस राहून बघितलं. तिथेही आली. तो धमकावत नाही हो. नुसतं विचारतो, कधी येतोस? त्याचंच वाईट वाटतं.

रेडिओ मोठा लावला की ऐकू येत नाही. शुक्रवारी वीज जाते, म्हणून सेलवरचा ट्रान्झिस्टरही आणून ठेवलाय. मंजुळा कानात कापूस घालून झोपते.

काल दाराखालून अर्ज आला. आमचं घर सोडून सगळ्यांच्या सह्या. मजकूर माझाच, चार वर्षांपूर्वीचा. फक्त बोटींच्या जागी माझं नाव. पोरांची दहावी तोंडावर आली आहे, आवाज बंद करावा.

त्यांचं काही चुकत नाही. मीही हेच केलं असतं.

रविवारी सगळे घरी येणार आहेत. म्हणतात, आमच्यासमोर रेडिओ बंद करा, मगच आम्ही जाऊ.

बंद केला की हाक त्यांनाही ऐकू येईल. त्यांच्यातला कोणीतरी भला माणूस पटकन ओ देईल.

मग मी सुटेन...

हा विचार माझ्या मनात आला. कालपासून मला त्या हाकेपेक्षा या विचाराचीच जास्त भीती वाटते.