न झिजलेली चांदी

सकाळी साडेअकराला धाकट्या दिरांनी घराण्याची चांदीची सुरई पारख्यासमोर ठेवली आणि थोरल्या वहिनींचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

वाटणी ठरली होती. घर वहिनींना, चांदी दिरांना. ताटे, वाट्या, चमचे, सगळ्यांवर या सरदार घराण्याचा सिंह कोरलेला. नवऱ्यामागेही वहिनींनी त्या चांदीला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. दर आठवड्याला दार लावून स्वतः घासायच्या, कपाटाची किल्ली कमरेला. नणंदा त्यांना खजिन्यावरचा नाग म्हणत. मुलीच्या बाळंतपणालाही त्या गेल्या नाहीत. तेव्हापासून मुलीने बोलणे टाकले होते.

"आमच्या वहिनींची निगा बघा," दीर कौतुकाने म्हणाले. "इतकी वर्षं घासतायत, पण सिंहाची एक रेघ पुसली नाही."

पारख्याने भिंग खाली ठेवले. इतकी वर्षे घासलेली चांदी झिजते, नक्षी पुसट होते, हे त्याने कोणाकडेही न पाहता सांगितले. ही भांडी पितळेची होती, वर नुसता मुलामा. मुलामा उडू नये म्हणून, घासायचे नाव करून वहिनी ती मऊ फडक्याने हलकेच पुसत आल्या होत्या. आणि भांड्याला कधी हात न लावलेले सारे घर त्या कोऱ्या सिंहाचा अभिमान मिरवत आले होते.

"वहिनी, चांदी कुठंय?"

वहिनींनी सुरई जवळ ओढली. सांगावे, तर या माणसाला प्रत्येक श्वासाचे ओझे व्हावे!

"तुझ्या छातीत," सासूबाई आरामखुर्चीतून म्हणाल्या. "ऑपरेशन दवाखान्यानं फुकट केलं, असं सांगितलं होतं ना तुला? तुझे वडील चांदी विकायला तयार नव्हते. हिनं विकली, तिच्या जागी ही करून ठेवली."

"आई... तुम्हाला ठाऊक होतं?" वहिनींनी विचारले.

"नवी नवरी होते तेव्हा मीच घासायची ती. सिंहाची आयाळ माझ्याच अंगठ्याखाली गुळगुळीत झाली होती. हा दवाखान्यातून घरी आला, त्या दिवशी जेवताना बघते तर ती पुन्हा उगवलेली! बोलले असते तर यांनी तुला घरात ठेवलं नसतं. पण ते गेल्यावर तरी बोलायला हवं होतं गं. लोक तुला नाग म्हणत राहिले, मी ऐकत राहिले."

वहिनी रडल्या, पण छातीवरची शिळा कोणी उतरवून ठेवावी, तसे ते रडणे होते. दिरांनी त्यांचे हात हातात घेतले. माझ्यापायी तुम्ही नातवाचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीत, एवढेच ते कसेबसे म्हणाले.

"तुम्ही रोज समोर जेवायला बसत होतात ना, भावजी. मी ते बघत होते."

पारखी केव्हाच उठून गेला होता. वाटणीचे पुढे काय, हे कोणी काढले नाही. लेकीकडे मी पोचवतो, म्हणून दिरांनी गाडी बाहेर काढली. कपाट उघडे टाकून वहिनी निघाल्या.

निघताना त्यांनी मुलीला फोन केला, वाटेत पुन्हा केला. संध्याकाळी गाडी तिच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, तोवर तिने तो उचलला नव्हता.