चंद्रावरची चक्कर

"मेंदूदर्शकापासून चक्कर लपूच शकत नाही!" चंद्रतळाचे संचालक डॉ. त्रिविक्रम बोंद्रे म्हणाले आणि एमआरआयच्या त्या थोरल्या भावाच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. "आत डोकं घाला, बाहेर कारण हजर."

आतून यमुना तांडेल बाहेर आली. कारण काही आलं नाही. स्कॅन साफ कोरा.

"पण सर, मान वळवली की सगळं गरगरतंय हो!"

उडीयान म्हणजे उडी मारून विवर ओलांडणारं यान, आणि यमुना तळावरची त्याची एकटी चालक. विवरापलीकडे दोन खडकतज्ज्ञ गाडी बंद पडून अडकले होते. त्यांचा प्राणवायू संध्याकाळपर्यंतचा. चंद्राची नव्हे, घड्याळाची संध्याकाळ.

"यंत्र म्हणतंय तुला काही झालेलं नाही. जा बिनधास्त!"

"आणि उतरताना डोळे फिरले तर?"

"बोंद्रे, थांबा," कालच पृथ्वीवरून आलेल्या कानाच्या डॉक्टर निर्मलाताई मोहोड म्हणाल्या. "स्कॅन खोटा नाही. मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही, हे त्यानं सांगितलं. कानातले खडे त्याला दिसत नाहीत."

"कानात खडे?"

"तुमच्याही आहेत. चुन्याचे बारीक कण. डोकं आपटलं की सुटतात, शेजारच्या वाकड्या नळीत शिरतात. मान वळली की घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. यमुने, कुठं आपटलीस गं?"

यमुना ओशाळली. "काल तुम्हाला वाकून नमस्कार केला ना ताई? उठताना पृथ्वीवरचा जोर लावला."

सगळ्यांनी वर पाहिलं. छताला चांगला पोचा पडला होता.

ताईंनी तिला आडवं केलं, डोकं खाटेखाली लोंबतं ठेवून एका बाजूला वळवलं. तिचे डोळे थरथरले. "सापडले खडे!" मग दुसरी बाजू, मग कूस, मग उठवून बसवलं. दर वेळी अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे खडे आपोआप घरंगळत घरी जातात.

यमुना उठली आणि खुर्ची समजून कचऱ्याच्या डब्यात बसली.

"फेल!" बोंद्रे खुशीत म्हणाले.

ताईंचा चष्मा नाकावरून निसटला आणि निवांत, डुलत खाली गेला. ताई बघतच राहिल्या.

"अरे बाप्पा! इथली ओढ सहावा हिस्सा. खड्यांना सहापट वेळ नको का? अर्ध्या वाटेत उठवलं की आपण बिचाऱ्यांना!"

पुन्हा सगळं, सावकाश. तिचं डोकं धरून बोंद्रेंच्या हाताला मुंग्या आल्या. शेवटी यमुना बसली. डावीकडे वळली. उजवीकडे वळली.

"ताई, जग जागेवर आहे!"

उडीयान उडालं, विवर ओलांडलं, आणि घड्याळाच्या संध्याकाळच्या आत दोघांना घेऊन परतलं. एकानं तर खिशात खडकही भरून आणले होते. तळभर टाळ्या, शिट्ट्या. यमुनाला खांद्यावर घेतलेलं, कुणी खाली उतरू देईना.

बोंद्रेंचे डोळे भरून आले. "ताई, तळाची लाज राखलीत!" म्हणत ते ताईंच्या पाया पडले.

"हळू उठा!" ताई ओरडल्या.

छताला आता दोन पोचे आहेत. संचालकांचा स्कॅन कोरा आला.