पायांभोवतीचा खडू

बसा. दिवा थोडा तुमच्याकडे घ्या. मी मान वळवत नाही म्हणून रागावू नका, सगळं सांगते.

त्या दुपारी मी फक्त बाबांची कॉलेजात राहिलेली शाल आणायला गेले होते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि चित्रकारांवर तर त्याहून नाही.

बाबा गावातल्या छोट्या कला महाविद्यालयात मॉडेल होते. चौथऱ्यावरच्या खुर्चीत ते बसायचे आणि पोरं त्यांचं चित्र काढायची. दुसऱ्या दिवशी तीच बैठक जमावी म्हणून सर त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढून ठेवत. सरांनी "सोडा" म्हटल्याशिवाय बाबा हलत नसत, नाकावर माशी बसली तरी. घरी जेवायला दहा हाका माराव्या लागत, तिथे मात्र हा माणूस एका शब्दाचा गुलाम.

कॉलेज बंद झालं तेही वर्ग चालू असताना. शिपायाने सूचना आणली, आरडाओरडा झाला, सर आणि पोरं प्राचार्यांच्या खोलीकडे धावली. "सोडा" म्हणायचं राहून गेलं. संध्याकाळी शिपायाने आणि मी बाबांना धरून घरी आणलं.

तेव्हापासून ते घरच्या खुर्चीतही तसेच बसत. मान डावीकडे, हात गुडघ्यांवर. भरवलं तर खात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सर येऊन रडले, पुन्हा पुन्हा "सोडा, मामा" म्हणाले. बाबांचे ओठ तेवढे हलले.

"वर्ग अजून चालू आहे, सर…"

कॉलेजला टाळं आणि म्हणे वर्ग चालू! ज्यांनी बाबांना रंगवून बक्षिसं मिळवली, त्या पोरांपैकी एकही घराकडे फिरकलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मग शिपायाचा निरोप आला, इमारत पाडणार आहेत, सामान घेऊन जा. शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवलं, बाबांना नवा स्वेटर चढवला. घाईत बटणं एक घर चुकली. आल्यावर नीट करू म्हटलं आणि निघाले.

शिपाई फाटकातच थांबला. "वर तुम्हीच जा, ताई. आवाज येतो तिथे…"

"उंदीर असतील."

"असतील," तो म्हणाला, पण हलला नाही.

जिन्यातच ऐकू आलं. खर्र… खर्र… कागदावर कोळसा घासल्यासारखं. मी दार ढकललं. आत कोणी नव्हतं. रिकाम्या खुर्चीभोवती चित्रांचे कागद लावलेले लाकडी ईझल उभे होते, धुळीचा आणि कोळशाचा वास कोंडला होता, आणि आवाज थांबत नव्हता. पहिल्या कागदावर बाबा होते. दुसऱ्यावरही. गाल बसलेले, त्या दिवसांत बसले होते तसे. अंगात स्वेटर. बटणं एक घर चुकलेली.

पळायला हवं होतं. पण मला भीतीपेक्षा संताप आला.

"पुरे झालं आता," मी म्हणाले. "म्हातारा वाळून चाललाय घरी. सोडा त्यांना… सोडा."

आवाज थांबला. मग साऱ्या ईझलांवरचे कागद एकदम उलटले. खाली कोरे कागद होते. मी शाल उचलली आणि धावत सुटले.

घरी बाबा उभे राहून पाणी पीत होते. "आत्ताच आळस देऊन उठले," काकू म्हणाल्या. बाबांनी आपली बटणं आपण नीट लावली. मला रडूच कोसळलं. धावून दमले होते, म्हणून त्यांच्या खुर्चीत टेकले.

बाबा माझ्या पावलांकडे बघत राहिले.

"ऊठ, बाळ," ते हळूच म्हणाले. "आधी ऊठ तिथून…"

माझ्या पावलांभोवती खडूची ताजी रेघ होती.

बाबा त्याच पावली कॉलेजकडे धावले, तर फाटकाला नवं कुलूप. आता तिथे इमारतही नाही, नुसतं मैदान आहे. बाबा रोज जाऊन तिथे "सोडा" म्हणतात. पण ऐकायला वर्ग कुठे उरलाय? मला तो खर्र… खर्र आवाज मात्र येतोच.

काल त्यांना मैदानात हा कागद सापडला. बघा. खुर्चीत मी आहे. आणि समोर, दिव्याशी, पाठमोरं कोण बसलंय…

तुम्ही तर आजच आलात ना?