दोनशे दहा

शनिवारी पंपिंग स्टेशनातली सगळी माणसं माझा सहकारी तिहोमिर याच्या चाळिसाव्याला कबरस्तानात गेली. फेब्रुवारीत तो कालव्यात बुडाला, त्याला चाळीस दिवस झाले होते; आमच्यात म्हणतात, तितके दिवस आत्मा इथेच घुटमळतो आणि मग जातो. निघताना आमच्या मुख्य डेसांकाबाई दारात थबकल्या.

"राजको, येत नाहीस? तुझ्या जागी तो असता तर आला असता."

बघा! मेल्यावरही तोच वरचढ. मी म्हटलं, "पंप कुणी बघायचे?" त्या दार लोटून गेल्या.

खरं सांगतो, मी मत्सराने जळत होतो. बारा वर्षं एका खोलीत काम केलं, पण बाईंच्या तोंडी नाव त्याचंच. सोमवारी तपासनीस येणार होता. तिहोमिरच्या फाइलीत एक घोडचूक सापडावी एवढंच मला हवं होतं. सापडत नव्हती, म्हणून मी ती घालायचं ठरवलं.

पंप चालवणाऱ्या यंत्राची फाइल उघडली तर सहज वाचता येईल असं काही नसतं, आत नुसते आकडे. पाणी दोनशे दहा सेंटीमीटरवर आलं की पंप सुरू व्हायचा. तो आकडा शोधून मी तिथे दोनशे चाळीस केलं. खालच्या वस्तीत दोन-चार तळघरं भिजली असती. लाज वाटली, नाही असं नाही. तरी फाइल यंत्रात चढवली.

आमच्याकडे एक रीत आहे, तीही त्यानेच घालून दिलेली. फाइल चढवली की यंत्रातून परत काढायची आणि कमांड देऊन मूळ फाइलीशी ताडायची. दोन्ही सारख्या असतील तर कमांड काहीच छापत नाही. फरक असेल तर जागा आणि दोन आकडे दाखवते.

तिने एक ओळ दाखवली. माझ्या फाइलीत २४०, यंत्रात २१०.

पुन्हा चढवली. पुन्हा तीच ओळ. बाहेरून कुणी चाळे करत असेल म्हणून मी इंटरनेटची तार उपटली. तिसऱ्या वेळी ओळ यायला बराच वेळ लागला... पण आली.

भर दुपार होती, पण खिडकीबाहेर धुकं इतकं की कालवा दिसत नव्हता. खोलीत शेवाळाचा वास भरला. मग तिहोमिरची जुनी फाइल घेऊन यंत्राशी ताडली. कमांड गप्प. एका आकड्याचाही फरक नाही.

"सोड ना आता..." मी हळूच म्हणालो. "चाळीस दिवस झाले... आज तरी जा."

पलीकडे पंप धडधडत सुरू झाला. फलकावर पाणी बरोबर दोनशे दहा होतं. मी खुर्चीतून हललो नाही.

दोन वाजता मंडळी परतली. डेसांकाबाईंनी मृताच्या नावाने वाटतात त्या गोड शिजवलेल्या गव्हाची वाटी माझ्यापुढे ठेवली. डोळे रडून लाल झालेले.

"मघाशी मी कबरीजवळून तुला फोन केला ना, तेव्हा किती धीर आला रे. म्हणालास, पाणी दोनशे दहा, पंप चालू आहे, आकड्याला मी कुणाला हात लावू देणार नाही. राजको, आज पहिल्यांदा वाटलं की त्याची जागा तू भरून काढशील."

फोन माझ्या कोपराशी होता. सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता.

बारा वर्षं हे एक वाक्य ऐकायला मी आसुसलो होतो.

"हो," मी म्हणालो, "मीच होतो."

त्या गेल्यावर मी रिसीव्हर उचलला. तो गार होता, आणि तोंडाशी धरायच्या छिद्रांतून थेंब थेंब पाणी गळत होतं.