बारावा चमचा

पितळेवर हवेने तीन आठवड्यांत तपकिरी झाक चढते. माझ्या बारा जुन्या पितळी चमच्यांपैकी अकरांवर ती चढली होती. बाराव्याचा दांडाही तपकिरी होता, पण पुढचा खोलगट भाग... लख्ख.

रोज तोंडात जाणारा चमचाच असा राहतो.

हे घडलेलं आहे. मी धातूंच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तारखा वहीत आहेत. पहिली नोंद चार तारखेची, दुपारी दोनची, आमच्या जेवणाच्या खोलीतल्या काचेच्या कपाटासमोरची.

तो संच जमवायला मला नऊ वर्षं लागली. बारावा चमचा जुन्या बाजारात मिळाला, त्याला जेमतेम महिना झाला होता.

मला सासूबाईंचा संशय आला. त्यांना गोड वर्ज्य आहे, आणि त्या चोरून खातात हे घरात सगळ्यांना ठाऊक.

“आई, कपाटातला चमचा घेता का कधी?”

“संग्रहालयातसुद्धा माणसाला इतकं विचारत नाहीत गं.”

मी सगळे चमचे घासले, वजन करून ठेवले, कपाटाला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये. पर्स माझ्याबरोबर.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. शिवाय बाराव्याचं वजन... तीन दशांश ग्रॅमने कमी.

“तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे का?” मी विचारलं.

सासूबाईंनी बॅग भरली.

“लेकीकडे जाते. तिथे चमचे मोजत नाहीत.”

त्या गेल्या. चमचा चमकतच राहिला.

नवरा रोज विचारायचा, “चमचे की आई? ठरव एकदाचं.”

मी म्हणायचे, अजून एक आठवडा बघू. अजून एक नोंद.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघं जेवत होतो. माझ्या पाठीमागून आवाज आला... वाटीचा तळ चमच्याने खरवडल्याचा. सावकाश.

नवऱ्याचे दोन्ही हात टेबलावर होते. माझेही.

कपाटात वाटी नाही.

मी वळून चमचे मोजले. अकरा.

आवाज थांबला.

पुन्हा मोजले... बारा. कुलूप जसंच्या तसं. बाराव्याखालच्या काचेवर ओल.

जेवताना मी अजून भिंतीला पाठ लावूनच बसते.

नवऱ्याने नंबर लावून फोन माझ्यापुढे सरकवला. पलीकडे सासूबाईंनी उचलला.

“आई, चूक माझी होती. सगळा संच मी घरातून काढतेय, आजच. तुम्ही या.”